अर्धी कौलं, अर्धं माळवद

कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे आमच्या माजघरात छतातून माती पडली. मांडणीवरची भांडी खडखडली, गोठ्यातल्या म्हशी ओरडल्या आणि आम्ही घरातली सगळी माणसं अंगावरच्या वाकळांसकट गल्लीत येऊन उभी राहिलो. आष्ट्यात तसं कुणाचं मोठं नुकसान झालं नाही. पण पुढच्या काही दिवसांत कोयनेकडून, पाटणकडून बातम्या येत राहिल्या. माणसं झोपेतच घराखाली गेली होती. घरं दगडमातीची आणि वरचं ओझं जड.

आमचंही घर तसंच होतं. माझं लग्न होऊन मी सांगलीहून आष्ट्याला आले त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. सांगलीत माझ्या माहेरी कौलारू घर. इथं सासरी माळवद. लाकडाच्या तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर झाडपाला आणि त्यावर हातभर जाडीची पांढरी माती. दर उन्हाळ्याच्या शेवटी मातीचा नवा थर द्यायचा, तो धुमसानं ठोकून घट्ट बसवायचा, की पावसाळा निभावून जायचा. असे कित्येक उन्हाळे एकावर एक चढले होते. भूकंपानंतर सासऱ्यांनी कंदील धरून छत पाहिलं, तर माजघरातली मधली तूळ चिरली होती.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. मोजकं बोलणारा माणूस. शेती उसाची, दोन म्हशी आणि एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे हे. हे साखर कारखान्यात नोकरीला होते. चिरलेली तूळ पाहून मामा एवढंच म्हणाले, "ह्यो उन्हाळा लागला की वरचं उतरवायचं. आता माळवद नगं."

तूळ चिरली तिथं खाली एक खांब टेकवला आणि घरात बोलणं सुरू झालं ते छपराचं. जेवताना छप्पर, पाहुणे आले की छप्पर. ह्यांना सिमेंटचे पत्रे हवे होते. कारखान्याच्या गोदामावर ते नुकतेच बसवले होते आणि त्यांच्यावर ह्यांचा फार जीव. "हलकं काम, चार दिवसांत घर झाकून मोकळं," असं म्हणायचे. मामांना ते गोदाम म्हणजे घर वाटत नव्हतं. गल्लीच्या टोकाला एकानं लोखंडी पत्रे घातले होते. त्यांच्या घरी चैत्रात दुपारी कुणी बसू शकत नसे, बायका शेजारच्या ओट्यावर धान्य निवडायला यायच्या. मामांचं मत मंगलोरी कौलांना होतं. थंड, हलकी, एक फुटलं तर एक बदलता येतं.

मला मनातून कौलंच हवी होती. त्यात माझं माहेर होतं. लहानपणी उताणं पडून मोजलेल्या कौलांच्या रांगा, एका काचेच्या कौलातून जमिनीवर पडणारा आणि दुपारभर सरकत जाणारा उजेडाचा तुकडा. माळवदाच्या घरात उजेड म्हणजे छतातल्या चौकोनी भोकातून येईल तेवढाच. पाऊस आला की त्यावरही परात झाकायची. पहिल्या पावसाळ्यात मी त्या अंधारात चुलीपुढं बसून गपचूप रडलेही होते.

फक्त सासूबाईंना, माझ्या आत्याबाईंना, यातलं काहीच नको होतं.

"माळवद ऱ्हाऊ द्या," त्या म्हणायच्या. "तूळ तेवढी बदला."

"आगं, पर डोक्यावर पडलं म्हंजी?" मामा विचारायचे.

"इतकी वर्सं पडलं न्हाई, ते आताच पडतंय व्हय?"

मग कारणं यायची. कुरडया कुठं वाळवायच्या? मिरच्या कुठं पसरायच्या? सांडगे काय गल्लीत घालायचे, कोंबड्या-कुत्र्यांत? उन्हाळ्यात झोपायचं कुठं? ह्यांनी एकदा कागदावर चित्र काढून परसात वाळवणासाठी ओटा बांधायचं ठरवलं. आत्याबाईंनी तो कागद पाहिलासुद्धा नाही. एरवी त्या हटवादी नव्हत्या. मी स्वयंपाकात तांबडं तिखट ओंजळीनं टाकलं असतं तरी हसून पाणी प्यायल्या असत्या. म्हणून मला या हट्टाचं नवल वाटायचं.

आमचे लोक जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असायची. मग तिन्हीसांजेला, घरात दिवा लागायच्या आधी, बाईमाणसाला जरा सवड मिळायची. आत्याबाई रोज त्या वेळी परसातल्या दगडी पायऱ्यांनी माळवदावर जायच्या. "वाळवन आत घेते," म्हणायच्या. मी नवीन होते तेव्हा मला ते खरंच वाटायचं. वाळवण नसलेल्या दिवसांतही त्या वर जातात, हे माझ्या ध्यानात यायला बरेच महिने लागले.

भूकंपानंतरच्या फाल्गुनात एकदा बाहेरगावचे पाहुणे अचानक आले, म्हणून मी त्यांना बोलवायला वर गेले. शेवटच्या पायरीवरच थांबले. आत्याबाई माळवदाच्या पलीकडच्या कडेला बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर गुडघाभर उंचीच्या मातीच्या बांधापलीकडं काकी बसल्या होत्या. काकींचं डोकं आत्याबाईंच्या बाजूला वाकलेलं, आणि आत्याबाई बांधावरून हात घालून त्यांची वेणी घालत होत्या. काकींचे केस तेव्हा निम्मे पांढरे झालेले.

काकी म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, मामांच्या धाकट्या भावाची, काकांची, बायको. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. आणि मी लग्न करून आल्यापासून त्या घराशी आमचं बोलणं नव्हतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बिनसलं होतं. आधी एकच असलेल्या घराची वाटणी झाली, मधे भिंत घातली गेली आणि गल्लीत समोरासमोर आले तरी दोघं भाऊ माना फिरवून जायचे. माझ्या लग्नालाही पलीकडून कुणी आलं नव्हतं.

पण भिंत घातली ती खाली. वरचं माळवद एकसलगच राहिलं. हद्द दाखवायला तेवढा तो बांध.

मला पाहताच काकी चटकन उठल्या आणि आपल्या बाजूनं खाली गेल्या. आत्याबाई मात्र बसून राहिल्या. मला वाटलं, त्या रागावतील. त्या फणी पदराला पुसत म्हणाल्या, "बस हितं."

खाली पाहुण्यांजवळ मामा होते, म्हणून मी बसले. पश्चिमेला उसाच्या फडांवर गुऱ्हाळांचा धूर सपाट पसरला होता आणि गरम गुळाचा वास गावावर आला होता.

"ती आली तवा येवढीशी हुती," आत्याबाई सांगू लागल्या. "चिकोडीकडची. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. भूक लागली तरी सांगता येईना. सासूबाय कडक. मग मी हिला हितं वर घेऊन यायची आन् बोट दाखवून शिकवायची. ह्ये आभाळ, ह्यो कावळा, ह्ये ऊन. तिच्याकडनं मी कानडी शिकले. तिचं पयलं मूल गेलं तवा ती खाली रडली न्हाई, हितं येऊन रडली."

"आणि मामांना?" मी विचारलं. "त्यांना ठाऊक आहे?"

"त्यास्नी कोन सांगतंय?" त्या म्हणाल्या. मग फणीतले केस काढत, "आमी बायकांनी कवा भांडान केलंच न्हाई गं. पर बाप्यांनी केलं म्हनल्यावर आमचं बी झालं."

त्या दिवसापासून मला सगळं वेगळंच दिसू लागलं. घरात कौलांचं बोलणं निघालं की मी आत्याबाईंच्या चेहऱ्याकडं बघायची. मलाही आता काय बोलावं कळेना. मामांचं म्हणणं बरोबर होतं, चिरलेल्या तुळईखालून मीच झपझप निघून जायची. त्यात मला दिवस गेले होते. त्या मातीखाली पाळणा बांधायचा, या विचारानं मला झोप लागेना.

मामांनी एक युक्ती केली. आत्याबाईंना सांगलीला माझ्या माहेरी पाठवलं, कौलारू घरात दोन दिवस राहून या म्हणाले. मीही बरोबर गेले. माझ्या आईनं त्यांना घर दाखवलं, काचेचं कौल दाखवलं, भर दुपारी ओटीवर चटई टाकून दिली. आत्याबाईंना छान झोप लागली. उठल्यावर मी विचारलं, "काय आत्याबाई, कसं वाटलं?"

"थंड हाय. लय चांगलं हाय," त्या म्हणाल्या. वर आढ्याकडं बघत राहिल्या. "पर तुझ्या आईला वर जाता येत न्हाई."

माझ्या आईला ते कळलं नाही. ती म्हणाली, "वर कशाला जायचंय हो?"

चैत्रात सुतार आला. घराची मापं घेतली आणि म्हणाला की घर लांबट आहे, तेव्हा आढं लांबीनं जाईल आणि कौलांची दोन पाखी पडतील. एक आमच्या परसाकडं उतरतं, दुसरं काकांच्या घराकडं. तो निघून गेला आणि दुसऱ्याच दिवशी पलीकडून निरोप आला. निरोप आणला तो गल्लीतल्या न्हाव्यानं. "तुमच्या पाख्याचं पाणी आमच्या माळवदावर पडणार. आमचं घर बसंल. चालायचं न्हाई."

मामांनी निरोप ऐकला आणि अंगणात उगाच येरझाऱ्या घातल्या. त्यांना राग आला होता, पण भावाचं म्हणणं खोटं नव्हतं हेही त्यांना कळत होतं. ह्यांनी लगेच पुन्हा सिमेंटच्या पत्र्यांचा विषय काढला. "पत्र्यालासुद्धा उतार लागतोयच की रं," मामा म्हणाले, आणि तो विषय तिथंच संपला.

सुताराला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, एकाच बाजूला उतरतं छप्पर करता येईल. सगळं पाणी तुमच्याच परसात. पण मग वाटणीची भिंत उंच उचलावी लागेल, आणि ती भिंत तर दोघांची.

मी दारामागं उभी होते. भिंत उचलायची म्हणजे माळवदावरच्या त्या गुडघाभर बांधाच्या जागी पुरुषभर उंच भिंत येणार. आत चुलीपुढं आत्याबाई भाकरी थापत होत्या. सुताराचा शब्द त्यांच्या कानावर गेला आणि त्यांचा हात थांबला. भाकरी परातीतच राहिली. तवा रिकामा तापत राहिला.

त्या काळात सून सासऱ्यांशी समोरासमोर फार बोलत नसे. काही हवं असेल तर नवऱ्यामार्फत. पण हे घरी नव्हते. सुतार गेल्यावर मी दाराच्या चौकटीशी आले, पदर सारखा केला आणि म्हणाले, "मामा, एक बोलू?"

त्यांनी मान वर केली. मी त्यांना अशी कधी हाक मारली नव्हती.

"सोप्यावर आणि माजघरावर कौलं घाला. पण मागच्या स्वयंपाकघरावरचं तेवढं माळवद राहू द्या. लहान खोली आहे. वाळवणाला लागतं."

"वाळवनाला व्हय?" मामा म्हणाले.

"हो."

त्यांनी कोपऱ्यातल्या वहाणा पायाशी ओढल्या. मग ते आवाज न चढवता म्हणाले, "तुज्या सासूचं वाळवन दिस मावळल्यावर बी वाळतंय. मला ठावं हाय ते, पोरी. लय वर्सं ठावं हाय."

आतून बांगड्या वाजल्याचा आवाज आला. आत्याबाई चुलीपासून उठल्या असाव्यात. पण बाहेर आल्या नाहीत.

"मग तुम्ही कधी काही बोलला नाहीत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय बोलायचं? भांडान आमचं हुतं." त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या. "मातीचे थर मातर समदे काढायला लागतील. वीतभरच ठेवायची माती. आन् तूळ नवी घालायची. ते मी बघतो. तुज्या बाळाच्या डोक्यावर कायबी पडायचं न्हाई."

पुढचं काम अवघड होतं, भिंतीचं. त्यासाठी भावाशी बोलावं लागणार होतं, आणि न्हाव्याकडून निरोप पाठवून भिंत ठरत नाही. एका सकाळी मामा स्वतः माळवदावर चढले, हातात सुतळी घेऊन. आम्ही दोघी परसात पायऱ्यांपाशी उभ्या राहिलो. ते मोठ्यानं खाकरले. पलीकडच्या पायऱ्यांवर पावलं वाजली आणि काका वर आले. मामांसारखाच त्यांनीही डोक्याला फेटा बांधला होता, जणू परगावी निघाले होते.

खालून आम्हाला दोघं कमरेपर्यंत दिसत होते आणि बोलणं ऐकू येत होतं.

"पानी माज्या बाजूला घेतो," मामा म्हणाले. "भिंत उचलायला लागंल."

"किती?"

"पुरुषभर. पुढनं माजघरापतोर. मागं न्हाई."

"मागं का न्हाई?"

आत्याबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मागं ऱ्हाऊ दे तसंच," मामा म्हणाले. "बायकास्नी लागतंय."

एक कावळा ओरडून गेला. मग काका म्हणाले, "व्हय. लागतंय खरं."

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं! आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला आजही सांगता येणार नाही. वर दोघं भाऊ सुतळी ताणत होते. एक टोक मामांच्या हातात, दुसरं काकांच्या. "खाली घे... आनी जरा... हां, बास." याखेरीज दोघांत एक शब्द झाला नाही. कशी आहे तब्येत, ऊस किती गेला, काही नाही. माप झालं, काकांनी सुतळीचं टोक सोडलं आणि आपापल्या पायऱ्यांनी दोघं खाली उतरले.

वैशाखात घर उघडं पडलं. गड्यांनी टोपल्या-टोपल्यांनी माती उतरवली, ती परसात ढिगानं पडली. मातीत आम्हाला मुलांच्या गोट्या सापडल्या, एक काचेची बांगडी सापडली, एक मोडका चिमटा. मामा प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायचे. गोट्या काकांच्या असाव्यात असं म्हणाले आणि गल्लीतलं एक पोरगं पाठवून पलीकडं देऊन टाकल्या. त्या दिवसांत आम्ही स्वयंपाकघरातच राहिलो, तिथं पहिल्यांदा नवी तूळ बसवून घेतली होती. डोळ्यांत, दुधात, पिठात, सगळीकडं माती. मी पोटुशी म्हणून मला आत्याबाई काही करू देत नव्हत्या. काकींनी बांधावरून ताकाचा तांब्या द्यायला सुरुवात केली, आणि तोही आता भर दुपारी, गड्यांच्या देखत.

सांगलीहून ट्रकनं कौलं आली. गल्लीतल्या माणसांनी रांग लावली आणि कौलं हातोहात आत गेली. त्या रांगेत काकांचा थोरला मुलगाही येऊन उभा राहिला, कुणी बोलावलं नसताना. नवीन कौलांचा तो तांबडा रंग, एकावर एक आपटताना होणारा स्वच्छ आवाज आणि भाजलेल्या मातीचा वास, या तिन्ही गोष्टींनी मला एकदम माहेरी नेलं. माझ्यासाठी म्हणून मामांनी माजघरावर दोन काचेची कौलं घालायला सांगितली. मला ते सुताराकडून कळलं.

आमची मुलगी श्रावणात झाली. त्या वर्षी पाऊस चांगला होता. माजघरात पाळणा बांधला होता आणि वरच्या काचेतून येणारा उजेड तिच्या दुपट्यावर पडायचा. स्वयंपाकघरात मात्र पहिल्याच पावसाळ्यात एका कोपऱ्याला गळती लागली. हे म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो." मामा वर गेले, पांढरी माती टाकून धुमसून आले. पुढं दर वर्षी ते काम त्यांनी स्वतःच केलं, गडी असतानाही. आपलं झालं की बांध ओलांडून पलीकडच्या कडेलाही दोन टोपल्या टाकून यायचे.

आत्याबाई आणि काकींची बैठक चालूच राहिली. जागा आधीपेक्षा लहान झाली, पण आता वाळवणाचं निमित्त लागत नव्हतं. मुलगी चालायला लागली तशी तीही त्यांच्यात जाऊन बसू लागली. ती मराठी आणि कानडी एकत्र बोलायची. आभाळाला कधी आभाळ म्हणायची, कधी काकींचा शब्द. तिला दोन्ही एकाच भाषेतले वाटायचे.

दोघा भावांचं बोलणं मात्र पुष्कळ वर्षं छपरापुरतंच राहिलं. कौल सरकलं, पन्हळ तुंबली, माती कुठून आणायची. त्याच्या आधारानं हळूहळू विहिरीचाही विषय निघाला आणि मिटला. कधी मिटला, ते आम्हाला घरात कुणी सांगितलं नाही. एका उन्हाळ्यात पाणी दोन्ही शेतांना सुरळीत जातंय, एवढंच दिसलं.

पुढं आत्याबाईंचे गुडघे गेले. पायऱ्या चढवेनात. पहिल्या दिवशी काकी वर येऊन वाट बघून खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आमच्या पुढच्या दारात त्या उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात फणी आणि तेलाची वाटी. सोप्यात मामा बसले होते. वाटणीनंतर त्या दारातून काकी पहिल्यांदाच आत येत होत्या.

मामांनी पाय आखडून वाट दिली. "आत हाय ती," म्हणाले. "माजघरात बस. उजेड हाय तितं."